सात-बाऱ्यावरचा ‘आकार’ : इंदापूरची मोजणी आणि खेड्याचा अभ्यास

इंदापूर तालुक्यातील शेळगावचा कोणताही सात-बारा पाहा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो आता घरबसल्या मिळतो. गट क्रमांक, हेक्टर-आरमधील क्षेत्र आणि भोगवटादाराचे नाव यांच्या शेजारी ‘आकार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात काही रुपये आणि काही पैसे एवढी किरकोळ रक्कम लिहिलेली असते. एक टन उसाच्या भावापुढे ती इतकी क्षुल्लक वाटते की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. बँकेला क्षेत्र हवे असते आणि भावकीला नाव. आजचा धागा या दुर्लक्षित रकान्याविषयी आहे. त्याची मुळे १८३६ सालात आहेत आणि ज्या भूमीत ती रुजली ती भूमी म्हणजे हाच इंदापूर परगणा. महाराष्ट्रातील ग्रामीण समाजाचा जो काही गंभीर अभ्यास झाला, त्यातला बराचसा या करवसुलीच्या कागदाच्या आधाराने झाला. त्यामुळे त्या अभ्यासाला जे दिसले तेही, आणि दिसले नाही तेही, बऱ्याच अंशी या कागदाने ठरवले.

इंग्रज येण्यापूर्वी गावाची लिखापढी नव्हती असे मुळीच नाही. पेशवे दफ्तरात इंदापूर परगण्याचे कागद एवढ्या संख्येने आहेत की मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकाने पुणे विद्यापीठात त्यांवर संशोधन करून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व एकोणिसाव्याच्या आरंभातील परगण्याचा इतिहास मांडला. त्या लिखापढीचा विषय मात्र निराळा होता. कोणाचे वतन, कोणाची मिरास, कोणाचे बलुते, कोणाचा मान, हे तिच्यात मुख्य असे. मिरासदार हा जमिनीचा वंशपरंपरागत धनी. गाव सोडून परागंदा झाला तरी त्याचा हक्क बराच काळ जिवंत राहत असे. उपरी हा बाहेरून आलेला, करारापुरता कसणारा. सरकारचा वसूल गावावर बसे आणि तो कोणी किती द्यायचा हे पाटील-कुलकर्णी गावातल्या गावात ठरवीत. शेताला क्रमांक नव्हता. त्याला नाव होते आणि माणसांच्या नात्यांत जागा होती.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुढच्याच वर्षी जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला आणि गाव म्हणजे आपल्यापुरते एक छोटेसे राज्य आहे अशा आशयाचे वर्णन केले. याच सुमारास थॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे १८२० मध्ये सादर केला. लोकांचे अन्न, कपडे, भांडीकुंडी, लग्नाचा खर्च, कर्ज, सारे त्याने टिपून ठेवले. एका मराठी खेड्याचा आधुनिक पद्धतीने केलेला हा बहुधा सर्वांत जुना अभ्यास. तेव्हाही शेतकऱ्यांपैकी बहुतेक कर्जात होते, ही नोंद लक्षात ठेवावी. पुढे ती कामी येईल.

यानंतर आपल्या भागात आला रॉबर्ट कीथ प्रिंगल. हा हुशार, अभ्यासू तरुण अधिकारी हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला होता, आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला साक्षात माल्थस होते. खंडाचा रिकार्डोप्रणीत सिद्धांत त्याला इतका पटला होता की त्याने तो थेट दख्खनच्या शिवारात उतरवायचे ठरवले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न मोजायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर या योजनेत खोट काढणे अवघड होते. पण एका शेताचे ‘निव्वळ उत्पन्न’ काढायचे तर बैलाचा कडबा, बायको-मुलांची मजुरी, दुष्काळाचे वर्ष, शेणखताचे मोल, हे सारे हिशेबात धरावे लागते. हे आकडे भरणारे होते खालचे कारकून. ज्यांनी हात ओले केले त्यांच्या जमिनी हलक्या प्रतीच्या ठरल्या आणि ज्यांनी केले नाहीत त्यांच्या भारी. त्यातच धान्याचे भाव पडले. इंदापुरात याचा फटका इतका बसला की माणसे घरदार टाकून परमुलखात निघून गेली. काही भागांत लागवडीजोग्या जमिनीचा जेमतेम तिसरा हिस्सा वहिवाटीत राहिला होता, हे पुढे सरकारच्याच कागदांत नमूद झाले आहे.

सामाजिक सिद्धांत चुकीच्या जागी लावला तर गाव ओस पडू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. प्रिंगल दुष्ट नव्हता. म्हणूनच हे प्रकरण अधिक बोचते.

१८३५ मध्ये इंदापूरची ही दुर्दशा निस्तरायला दोघे पुढे आले. हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. जमिनीची प्रत ठरवायची ती एका जमिनीची दुसरीशी तुलना करण्यापुरती. दर बसवायचा तो मागील अनेक वर्षांचा वसूल, बाजारपेठेचे अंतर आणि लोकांची प्रत्यक्ष स्थिती पाहून. आणि तो ३० वर्षे वाढवायचा नाही. १८३६ पासून इंदापुरात ही जमाबंदी लागू झाली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवाल लिहून तिचे नियम पक्के केले आणि इंदापूरचा हा नमुना मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरला.

या पद्धतीची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचे शब्द आपण अजून वापरतो. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. शिवाराचे तुकडे पाडायचे ते एका बैलजोडीला पेलतील एवढे, म्हणजे हलक्या जिरायतीत सुमारे २० एकरांचे आणि काळ्या भारी जमिनीत १२ एकरांच्या आसपासचे. या तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. मातीचे नऊ वर्ग केले. पावणेदोन हात खोल काळी माती असेल तर सोळा आणे, आणि खोली जसजशी कमी, चुनखडी-वाळू-उतार-पाणथळ असे दोष जसजसे जास्त, तसतसे आणे उतरत जायचे. या प्रतबंदीवरून प्रत्येक नंबराचा जो सारा ठरला तोच त्याचा ‘आकार’.

पिके उभी राहिली, ओसाड जमीन पुन्हा वहिवाटीत आली. कंपनी सरकारला याचा रास्त अभिमान वाटला. पण याच साखळीने गावाची एक जुनी वीणही उसवली. सारा आता गावाचा राहिला नाही. प्रत्येक खातेदाराचा सरकारशी वेगळा हिशेब सुरू झाला. ठरलेला आकार भरणारा तो जमिनीचा धारक, मग तो मूळचा मिरासदार असो की उपरी. हा बदल उपरी कुणब्याच्या दृष्टीने मोठाच लाभ होता, हे गावाच्या जुन्या एकोप्याविषयी हळहळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि एक माणूस या कागदावरून जवळपास पुसला गेला. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानण्याची इथली जुनी रीत होती. शीव कुठून कुठे जाते, कोणता दगड कोणी हलवला, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या स्मृतीत असे. सीमा ठरवताना ही स्मृती उपयोगी पडली, बांधांना दगड बसले, नकाशे निघाले आणि मग त्या स्मृतीची गरज उरली नाही. महाराची चाकरी तेवढी वतन म्हणून राहिली.

तीस वर्षांची मुदत १८६६ च्या सुमारास संपली. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्यापाठोपाठ इतरही भाव चढले होते. त्याच तेजीच्या आधारे १८६७ मध्ये इंदापूरची फेरजमाबंदी झाली आणि सारा बराच वाढला. तेजी ओसरली, सारा मात्र राहिला. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीचा अहवाल काढला. आपल्या लोकांनी आपल्या खेड्यांची केलेली ही एक पहिलीच संघटित पाहणी. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालाव्या लागल्या: संपूर्ण तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ आणि एका खात्याला १००. या शंभर टक्क्यांच्या सवलतीवर भाष्य करायला नको.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील, आजच्या बारामती तालुक्यातील सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठून कर्जरोखे आणि खतपत्रे जाळली. दंगे आसपासच्या तालुक्यांत पसरले. चौकशी आयोगाच्या लक्षात आले की लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे मुकाट्याने देणारा सावकार सहसा सुखरूप सुटला. आयोगातील ऑकलंड कॉल्विनने वाढलेल्या साऱ्यावर ठपका ठेवला, इतरांनी सावकारी आणि दिवाणी न्यायालयांवर. १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा यातून निघाला. सर्व्हे पद्धतीमुळे जमीन विकण्याजोगी, गहाण ठेवण्याजोगी झाली आणि सावकाराचा फास घट्ट झाला, हे रविंदर कुमार यांच्यासारख्या इतिहासकारांचे प्रतिपादन पुष्कळांना मान्य झाले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये उलट बाजू मांडली आणि दंग्यांना अवास्तव महत्त्व दिले गेल्याचा दावा केला. माझ्या मते दोन्ही पक्षांनी लोणीच्या कोट्सकडे पुन्हा एकदा जायला हवे. कर्ज जुनेच होते. नवी होती ती कर्ज न्यायालयात सिद्ध करणारी कागदाची ताकद, आणि सुप्याच्या लोकांनी नेमके तेच ओळखले.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पुस्तकांनी खेड्याकडे पाहण्याची रीत बदलली आणि दोन्ही महसुली कागदांत हात बुडवूनच लिहिली गेली. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले. त्यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आला. वतनदार, अलुते-बलुते, फिरस्ते, देवस्थाने, बाजार यांचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत त्यापूर्वी नव्हते. मात्र कुणब्यावर कोणाकोणाचा भार पडतो हा हिशेब मांडताना फिरस्त्या जातींविषयीची त्यांची भाषा निर्दय होते. तिथे वर्णन करणारा अभ्यासक मागे सरतो आणि अंमलदार पुढे येतो. दुसरे पुस्तक पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांचे. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा, कानिटकरांसह केलेला जातेगाव बुद्रुकचा, १९२१ मध्ये. जुने कागद तपासून मान यांनी दाखवले की पिंपळे सौदागरात १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि १५६ मालकांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागे अशाच आकड्यांचे बळ होते, आणि आपल्या सात-बाऱ्यावर सर्व्हे नंबराच्या जागी ‘गट’ आला तो त्या कायद्यातून. त्या पिंपळे सौदागरात आज संगणक अभियंत्यांचे टॉवर उभे आहेत. तिथले तुकडे आता चौरस फुटांत मोजले जातात.

इंदापूर-बारामतीची गोष्ट मात्र पाण्याने वेगळी झाली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून पाणी वाहू लागले. आश्चर्य असे की सुरुवातीला ते घेणारे फारसे कोणी नव्हते. पाऊस चांगला झाला तर जिरायत ज्वारी-बाजरीवर भागत असे. पाणीपट्टी, खत आणि मजुरी यांत पैसा घालण्याची ऐपत आणि सवय थोड्यांकडेच होती. सासवडकडचे माळी आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीने ठरावीक क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी मिळाली आणि ऊस पक्का रुजला. १९३२ मध्ये साखरेला आयातकराचे संरक्षण मिळाल्यावर कारखाने निघाले. कळंबच्या माळरानावर वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव आणि भवानीनगर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने आले. लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी या पट्ट्यातील माणसाला हा इतिहास नव्याने सांगायला नको. त्याच्या घरातील थोरल्यांनी तो जगलेला आहे.

आता प्रश्न असा: कालवा आला, पैसा आला, तेव्हा जमीन कोणाकडे गेली? बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते. श्रीमंत अधिक श्रीमंत होणार, गरीब भूमिहीन होणार. डाव्या-उजव्या दोन्ही पुस्तकांत हेच लिहिलेले होते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी ते तपासायचे ठरवले. नीरा डाव्या कालव्यावरील बारामती परिसरातील एका गावात ते राहिले आणि १९२० ते १९७० या ५० वर्षांच्या जमीन नोंदींचा घराणेवार माग काढला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच होता, काही गरीब श्रीमंत का होतात. मोठ्या खातेदारांच्या जमिनी वाटण्यांनी आणि विक्रीने घटलेल्या आढळल्या. भूमिहीन आणि अल्पभूधारकांपैकी काहींनी जमिनी मिळवलेल्या आढळल्या. जमीन मूठभरांच्या हाती एकवटत गेली, हा अंदाज त्या गावापुरता टिकला नाही. पुढे ‘रेझिंग केन’ या १९९२ च्या ग्रंथात त्यांनी लहान-मोठ्या शेतकऱ्यांचे हितसंबंध साखर कारखान्यात कसे एकत्र बांधले गेले हे मांडले. कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करणारे बी. एस. बाविस्कर त्यांचे या क्षेत्रातील सहकारी.

हा काळच या भागात अभ्यासकांच्या वर्दळीचा होता. नीरेपलीकडच्या फलटणचा आणि त्याच्या परिसराचा अभ्यास इरावती कर्वे आणि रानडे-गाडगीळांच्या पुण्यातील अन्य संशोधकांच्या परंपरेत वाढलेल्यांनी केला. कर्वे व रणदिवे यांचा ग्रंथ १९६५ चा. अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्यातील गिरवीच्या राजकारणावर लिहिले. हेन्री ओरेनस्टीन यांचे पुणे जिल्ह्यातील एका गावावरचे ‘गाव’ याच नावाचे पुस्तक १९६५ मध्येच निघाले. आणि गो. स. घुर्ये यांनी लोणीकंदला जाऊन सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोट्सच्या वृत्तांताशी तुलना केली, ती १९६० मध्ये छापली गेली.

अॅटवुड यांच्या निष्कर्षाचे मोल मी कमी मानत नाही. ठरीव समजाला पुराव्याने धक्का देणे हे धैर्याचे काम आहे. पण त्यांचा पुरावा ज्या कागदावर उभा होता त्याचा स्वभाव विसरून चालणार नाही. तो कागद सारा भरणाऱ्याला ओळखण्यासाठी जन्माला आला. जमीन कसणारे, तोडणारे, खुरपणारे हात त्याच्या दृष्टीने तेव्हाही बाहेरचे होते. अभ्यासकाने गावात राहून ती उणीव कितीही भरून काढली, तरी ५० वर्षांमागचा मजूर त्याला भेटू शकत नाही. खातेदार मात्र भेटतो.

शिवाय हा कागद समाजाची नुसती नोंद ठेवीत नव्हता, समाज घडवीतही होता. ‘कूळ’ या रकान्याचे उदाहरण घ्या. १९४८ च्या कूळकायद्यानंतर १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कूळ म्हणून कसणारा, काही अपवाद वगळता, जमिनीचा मालक मानला गेला. त्याने द्यायची किंमत कशी ठरायची? आकाराच्या किमान २० पट आणि कमाल २०० पट. विंगेटच्या साखळीने बसवलेला तो किरकोळ आकडा अशा रीतीने कुळाच्या घरात लक्ष्मी आणणार की नाही हे ठरवू लागला. पण त्यासाठी रकान्यात नाव हवे. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे केलेल्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की कायदा अमलात येत असतानाच कितीतरी कुळांनी आपल्या जमिनी ‘स्वखुशीने’ परत केल्या होत्या. हा शब्द महसुली मराठीतील सर्वांत संशयास्पद शब्द असावा.

महार वतनाचेही तसेच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यासंबंधीचे विधेयक मांडले. चोवीस तासांची बांधिलकी आणि मोबदला तुटपुंजा, हे त्यामागचे दुखणे होते. कनिष्ठ वतने रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. वतनी जमीन परत मिळाली तीही आकाराच्या पटीत रक्कम भरून आणि नव्या शर्तीने. म्हणून आजही अशा सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसते. ज्याच्या पूर्वजाला गावाची शीव तोंडपाठ होती, त्याच्या वाट्याला शिवारातील शर्तीची जमीन आली.

आणि स्त्रिया. विधवा झाल्यावाचून बाईचे नाव या कागदावर येणे कित्येक दशके दुर्मीळ होते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तेव्हापासून वडील वारले की वारसनोंदीत बहिणींची नावे लागतात. मग काही महिन्यांनी, कधी राखीपौर्णिमेच्या आगेमागे, तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र होते. तलाठी फेरफार घालतो. बहिणींची नावे कंसात जातात आणि त्यांच्यापुढे फेरफाराचा क्रमांक पडतो. भावाच्या नावासमोर क्षेत्र वाढते, आकारही त्या प्रमाणात काही पैशांनी वाढतो.

जुन्या हस्तलिखित सात-बाऱ्यांवर हे कंस शाईचे असत, आता ते संगणकाचे आहेत. कंसातले नाव पुसले जात नाही, वाचता येते. नीरेच्या काठी पुन्हा कोणी पन्नास वर्षांच्या नोंदींचा माग काढायला बसला, तर त्याने प्रथम हे कंस मोजावेत.